दाढ ठणकायच्या आधी: कंपनीच्या ग्रुप विम्यातलं दातांचं कलम कसं वाचायचं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली की पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच मोबाइलवर विम्याचं ई-कार्ड येतं. त्यावर ३ लाख, ५ लाख असा आकडा असतो. घरच्यांना वाटतं, आता दवाखान्याची काळजी मिटली. मग एखाद्या रात्री दाढ ठणकायला लागते, सकाळी गाल सुजलेला असतो, माणूस कार्ड दाखवतो आणि दातांच्या दवाखान्यात सांगतात की हे इथं चालत नाही. खिशात तेवढे पैसे नसतात, म्हणून रूट कॅनाल (आतली किडलेली नस काढून दाढ वाचवणं) करण्याऐवजी दाढ काढून मोकळा होतो. जी दाढ आणखी वीस वर्षं टिकली असती ती अशी जाते. वाईट हे, की पुष्कळदा त्याच माणसाच्या पॉलिसीत दातांसाठी थोडीफार रक्कम असते. फक्त ती कुठं लिहिलीय आणि कशी मागायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

"दातांचं कव्हर आहे" याचे चार अर्थ

एचआरच्या सादरीकरणात "डेंटल कव्हर्ड" एवढे दोनच शब्द असतात. त्याचा अर्थ पुढच्या चारपैकी कोणताही असू शकतो आणि चौघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात जास्त आढळणारा अर्थ म्हणजे फक्त अपघात. आपल्याकडचा ग्रुप आरोग्य विमा मुळात रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. साधारण अट २४ तास भरती राहण्याची, आणि एका दिवसात होणाऱ्या ठरावीक शस्त्रक्रियांची वेगळी यादी. दातांची बहुतेक कामं खुर्चीत बसून तासाभरात होतात, म्हणून ती आपोआप बाहेर पडतात. शिवाय वगळलेल्या गोष्टींच्या यादीत स्पष्ट वाक्य असतं: दातांचा कोणताही उपचार किंवा शस्त्रक्रिया मिळणार नाही, अपघाती इजेमुळे भरती व्हावं लागलं तर तेवढाच अपवाद. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या व्याख्येत दातांचा उपचार म्हणजे दात आणि दातांना आधार देणाऱ्या भागांचा उपचार, ज्यात तपासणी, दाढ भरणं, कॅप, दात काढणं आणि शस्त्रक्रिया सगळं येतं. म्हणजे हिरडीसुद्धा त्यात आली. "दात नाही, हिरडी दुखतेय" म्हणून सुटका होत नाही.

दुसरा अर्थ म्हणजे ओपीडीची जोड. भरती न होता केलेल्या तपासण्या, औषधं, चष्मा, दात यांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम. त्या रकमेच्या आत दातांसाठी आणखी लहान मर्यादा असू शकते, आणि ती बहुधा आपल्या नजरेतून सुटते.

तिसरा प्रकार नेटवर्क दवाखान्यातल्या सवलतीचा. वर्षातून एकदा मोफत तपासणी, एकदा दात साफ करणं, बाकी उपचारांवर काही टक्के सूट. हा विमा नाही, सवलत आहे. क्लेम करायचा नसतो, नाकारलाही जात नाही. पण रूट कॅनालचे पैसे मिळतील असं यातून समजू नये.

चौथा अर्थ कामगार राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, आणि कमी पगाराच्या कामगारासाठी हाच सगळ्यात भक्कम आहे. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल (दिव्यांग कामगारासाठी २५,०००) तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. त्याबदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला पूर्ण वैद्यकीय उपचार मिळतात. उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नसते आणि दातांचा उपचारही वैद्यकीय लाभातच मोडतो. आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन दंत विभाग असलेल्या रुग्णालयात. वाट बघावी लागते, कामाची एखादी पाळी बुडते, हे खरं आहे. तरी घरातल्या चौघांच्या दाढा भरून घ्यायच्या असतील तर या वाटेला पर्याय नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का आणि आपला दहा आकडी विमा क्रमांक आपल्या हातात आहे का, हे आजच बघावं. कपात होते पण क्रमांक माहीत नाही, अशी माणसं प्रत्येक कारखान्यात सापडतात.

पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तर ईएसआय लगेच तुटत नाही. वर्गणीचे कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात पगारवाढ झाली तर वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत जात राहते आणि संरक्षणही राहतं. त्या काळात अर्धवट राहिलेली कामं उरकून घ्या. पुढं कंपनीच्या ग्रुप विम्यात गेल्यावर तेच काम तुमच्या खिशातून होण्याची शक्यता जास्त.

इंटरनेटवर शोधलं की आणखी एक रचना समोर येते: तपासणीचे १०० टक्के, भरण्याचे ८० टक्के, कॅपचे ५० टक्के. ही अमेरिकेतल्या दातांच्या विम्याची पद्धत आहे. तिथं दातांची पॉलिसीच वेगळी असते आणि तिला डॉलरमध्ये वार्षिक कमाल मर्यादा असते. आपल्याकडच्या नोकरदाराने ते तक्ते वाचून आपल्या पॉलिसीचा अंदाज बांधू नये.

एचआरकडे काय मागायचं

ई-कार्ड पुरेसं नाही. ग्रुप विम्याची मूळ पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, तुम्ही तिचे सदस्य असता. म्हणून "मला पॉलिसी द्या" असं म्हटलं की "ती गोपनीय आहे" असं उत्तर कधी कधी मिळतं. त्याऐवजी ईमेलवर दोन गोष्टी मागा: तुमच्या नावाचं विमा प्रमाणपत्र आणि त्या वर्षीची लाभांची पुस्तिका, वगळलेल्या गोष्टींच्या यादीसह. तोंडी उत्तर घेऊ नका. एचआरमधली व्यक्ती बदलते, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणारी संस्था) बदलतो, ईमेल राहतो.

कागद हातात आला की सगळा वाचायची गरज नाही. "डेंटल", "ओपीडी", "कॉस्मेटिक" आणि "को-पे" (खर्चातला आपण स्वतः भरायचा टक्का) हे चार शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या आजूबाजूचा परिच्छेद नीट वाचा. मग खालचे प्रश्न लिहून विचारा:

- दातांसाठी वेगळी रक्कम आहे का, ती माणशी आहे की कुटुंबाला मिळून?
- पॉलिसीचं वर्ष कोणत्या तारखेला सुरू होतं आणि कधी संपतं?
- नेटवर्कबाहेरच्या दवाखान्याचं बिल परत मिळतं का?
- रूट कॅनालसोबत कॅप धरलेली आहे का?
- क्लेम किती दिवसांत टाकायचा?

तिसरा प्रश्न आपल्या भागात कळीचा आहे. नेटवर्कची यादी उघडली की छत्रपती संभाजीनगर शहरात दवाखाने दिसतात, लातूर-नांदेडमध्ये काही दिसतात. पण बायको-मुलं गेवराईत, आई-वडील किनवट किंवा उमरग्याला असतील तर त्या पिनकोडला एकही नाव नसण्याची शक्यता मोठी आहे. अशा कुटुंबासाठी "फक्त नेटवर्कमध्ये कॅशलेस" ही सोय कागदावरच राहते. पैसे आधी भरून नंतर परत घेण्याची मुभा नसेल, तर सुट्टीत मुलांना शहरात बोलावून तपासणी आणि भरण्याचं काम एकाच वेळी उरकण्याचं नियोजन करावं लागतं.

रकमेचा हिशोबही आधीच करून ठेवा. समजा दातांची मर्यादा ५,००० रुपये, को-पे २० टक्के आणि बिल ८,००० रुपयांचं. को-पे आधी लावला तर ८,००० चे २० टक्के गेले, ६,४०० राहिले, मर्यादेमुळे तुम्हाला ५,००० मिळाले. मर्यादा आधी लावली तर ५,००० मधून २० टक्के गेले आणि हातात ४,००० आले. त्याच बिलावर हजार रुपयांचा फरक, फक्त क्रमामुळे. पुस्तिकेत क्रम लिहिलेला नसेल तर टीपीएला विचारून उत्तर लेखी घ्या. आणि मर्यादा कुटुंबाला मिळून असेल तर जूनमध्ये तुमच्या दाढेवर ती संपली की डिसेंबरमध्ये मुलीच्या दाढेला काही उरत नाही. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात सहसा जात नाही.

कोणत्या कामाला काय होतं

*दात साफ करणं आणि तपासणी.* ओपीडीच्या जोडीत किंवा सवलतीच्या योजनेत हे बहुधा मिळतंच, आणि हेच सगळ्यात कमी वापरलं जातं. "साफ केल्याने दात हलतात" ही समजूत खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. दात हलतो तो साचलेल्या थराखाली हाड झिजल्यामुळे. थर निघाला की मोकळी जागा जाणवते, एवढंच. तंबाखू, गुटखा, मशेरी लावणाऱ्यांनी या तपासणीत डॉक्टरांना तोंडाची आतली बाजूही बघायला सांगावी. तोंड उघडल्यावर आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर थांबू नका.

इथं विम्याचा एक बारकावा आहे. तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, ओपीडीत होते म्हणून लोक तिचं बिल टाकून देतात. पण तिच्यावरून भरती होऊन शस्त्रक्रिया झाली, तर भरतीपूर्वीच्या ठरावीक दिवसांतला त्याच आजाराचा खर्च मुख्य पॉलिसीतून मिळतो. ही मुदत बहुतेक पॉलिसींत ३० दिवस असते. तोंडाचा कर्करोग हा दातांचा उपचार नाही, तो मुख्य आरोग्य विम्यातला आजार आहे. त्यामुळे दातांचं कलम त्याला लागू होत नाही. बिलं, रिपोर्ट, चिठ्ठ्या सगळं जपून ठेवा.

*दाढ भरणं.* स्वस्त, एका बैठकीचं काम, क्लेमही सोपा. लहान कीड असतानाच भरली तर ५,००० च्या मर्यादेत घरातल्या दोन-तीन जणांचं काम होऊ शकतं. वर्षभर थांबलं की तीच कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचते आणि एकाच दाढेत मर्यादा संपते. दातांच्या विम्याची रक्कम लहान असते. म्हणून ती पॉलिसी-वर्षाच्या सुरुवातीला, दुखत नसताना वापरावी. शेवटच्या महिन्यात सुजलेल्या गालावर वापरली तर तिचं मोल अर्धंही राहत नाही.

*रूट कॅनाल आणि कॅप.* सगळ्यात जास्त वाद याच कामात होतात. मागच्या दाढेला तीन-चार नळ्या असतात, एक ते तीन बैठका लागतात, आणि नस काढलेली दाढ ठिसूळ होते म्हणून वर कॅप लागते. काही पॉलिसी रूट कॅनाल देतात आणि कॅपला "कृत्रिम दात" म्हणून नाकारतात. काही कॅप देतात, पण साध्या धातूच्या दराने. झिरकोनियाची बसवली तर वरचा फरक तुमचा. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात एक्स-रे, रूट कॅनाल, दाढेच्या आतलं भरणं आणि कॅप या चार रकमा वेगवेगळ्या असू द्या. एकत्र "रूट कॅनाल विथ कॅप" असं लिहिलेल्या बिलातून कॅप नाकारायची झाली की टीपीए आकडा स्वतःच ठरवतो, किंवा सगळंच बिल अडवतो.

पॉलिसीचं वर्ष संपत आलं असेल तर तारखा बघा. समजा वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. रूट कॅनाल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण झालं आणि कॅप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसली, तर दोन्ही बिलं दोन वेगळ्या वर्षांच्या मर्यादेत बसू शकतात. ज्या दिवशी जे काम झालं त्याच तारखेचं बिल मात्र हवं. केवळ पैशासाठी दोन-तीन महिने कॅप लांबवू नका. तात्पुरत्या सिमेंटवर भाकरी-चटणी खाता खाता दाढ उभी फुटली तर ती काढावीच लागते.

*अक्कलदाढ.* हाडात अडकलेली अक्कलदाढ काढणं ही शस्त्रक्रिया आहे, टाके पडतात, म्हणून लोकांना वाटतं ही मुख्य पॉलिसीत येईल. सहसा येत नाही, कारण व्याख्येत "दात काढणं आणि शस्त्रक्रिया" दोन्ही आहे. एका दिवसाच्या शस्त्रक्रियांच्या यादीत तुमच्या विमा कंपनीने ती नावानिशी घातली असेल तरच मिळते. यादी मागवा, नाव शोधा.

*किडक्या दाढेचा पू पसरणं.* हे वेगळं धरा, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास, ताप: अशा वेळी कार्ड, कलम काही न बघता रात्रीच मोठं रुग्णालय गाठा. भरती होऊन शिरेतून औषधं द्यावी लागतात, पू काढावा लागतो. विमा कंपनी "मूळ कारण दात" म्हणून नाकारायचा प्रयत्न करते. तुमची बाजू अशी: उपचार मान आणि चेहऱ्याच्या आतल्या भागात पसरलेल्या जंतुसंसर्गावर झाला, भरती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होती. डिस्चार्ज कार्डवर खरं निदान पूर्ण शब्दांत लिहिलेलं असू द्या. नुसतं "डेंटल पेन" किंवा "डेंटल अ‍ॅबसेस" लिहिलं की फाईल तिथंच अडकते. त्याच भरतीत दाढही काढली असेल तर तिचं बिल वेगळं ठेवा. तेवढी रक्कम गेली तरी बाकीची वाचते.

*फ्लोरोसिसचे डाग.* नांदेड, बीडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात दुसरा स्रोत नसेल तर लिटरला १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढचं पाणी लहानपणी पिलेल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, खड्डे येतात. लग्न ठरवताना, मुलाखतीला जाताना हे डाग मनाला लागतात, हे कुणी नाकारू नये. पण व्हेनिअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण) किंवा दात पांढरे करण्याचा उपचार सौंदर्योपचारात धरला जातो, आणि आयआरडीएआयच्या प्रमाणित यादीतल्या आठव्या अपवादानुसार रूप बदलण्यासाठीचा उपचार वगळलेला असतो. दात खड्ड्यांमुळे किडला असेल तर कीड भरण्याचं काम ओपीडीच्या मर्यादेत मागता येतं. डाग घालवण्याचं नाही.

*तारा, इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात), कवळी.* बहुतेक ग्रुप पॉलिसींत नाही. आई-वडिलांना सदस्य करताना "त्यांच्या कवळीचं होईल" या आशेवर हप्ता भरू नका, आधी विचारा.

अपघात झाला तर

धुळे-सोलापूर महामार्गावर, जालना रोडवर मोटारसायकल घसरून तोंडावर पडणं हे रोजचं आहे. पुढचे दात तुटतात, जबडा मोडतो. अशा वेळी मुख्य पॉलिसी उघडते, पण तीन गोष्टी पहिल्या २४ तासांत नीट व्हाव्या लागतात. अपघाताची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, रुग्णालयात झाली पाहिजे. भरतीच्या कागदावर "रस्ता अपघात" आणि कोणते दात, कोणतं हाड हे लिहिलं पाहिजे. आणि टीपीएला ठरावीक तासांत कळवलं पाहिजे. तातडीच्या भरतीसाठी अनेक पॉलिसींत ही मुदत २४ तासांची असते.

पूर्ण निघालेला पक्का दात सापडला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्या, तो परत बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

मोठी अडचण पुढं येते. डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत मिळतो. तुटलेल्या दाताच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायचं तर हाड भरायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे दात बसायच्या वेळी मुदत उलटलेली असते. यावर उपाय एकच: भरती असतानाच तोंडाच्या शल्यविशारदांकडून पूर्ण उपचार-आराखडा लिहून घ्या, तो ६० दिवसांच्या आत टीपीएकडे पाठवा आणि कोणता भाग मान्य आहे ते लेखी विचारा. शिवाय कंपनीने वेगळी ग्रुप अपघात पॉलिसी घेतली आहे का, आणि कंपनीकडे राखीव रक्कम, ज्याला कॉर्पोरेट बफर म्हणतात, ती आहे का, हे एचआरला विचारा. इजा कामावर झाली असेल तर वाट निराळी: ईएसआयचे सदस्य असाल तर तिथं कामाच्या ठिकाणची इजा म्हणून नोंद करून घ्या, आणि अपघात-नोंदवहीत त्याच दिवशी नाव लिहिलं गेलंय का ते स्वतः बघा.

क्लेमचे कागद

दातांचे क्लेम रकमेमुळे कमी आणि कागदामुळे जास्त अडकतात. बिलावर दाताचा क्रमांक हवा. दंतवैद्य दोन आकडी पद्धत वापरतात: पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कोणता, दुसरा मधल्या दातापासून कितवा. खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ ४६, डावीकडची ३६. अक्कलदाढा १८, २८, ३८, ४८. चिठ्ठीवर ४६ आणि बिलावर ३६ असं झालं की क्लेम परत येतो, म्हणून दवाखाना सोडण्याआधी दोन्ही जुळवून बघा.

बाकी कागद: डॉक्टरांची सही, शिक्का आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी, कामनिहाय रकमांचं क्रमांक असलेलं बिल, पैसे भरल्याची पावती, उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, रद्द केलेला चेक आणि क्लेमचा फॉर्म. खुर्चीजवळच्या संगणकावर दाखवतात तो आरव्हीजी एक्स-रे मोबाइलवर फोटो काढून चालत नाही. दवाखान्याकडून नाव-तारखेसह मूळ फाईल मागून घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने, स्वतःच्या खात्यातून द्या. क्लेम टाकण्याची मुदत अनेक ठिकाणी ३० दिवस असते. बैठका तीन असतील तर मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात ते विचारून घ्या.

नावं जुळणं हा आपल्याकडचा मोठा त्रास. आधारवर लग्नाआधीचं नाव, पॉलिसीत नवऱ्याचं नाव, बिलावर नुसतं "सौ. पाटील". आई-वडिलांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावरून १ जून. हे सगळं क्लेम आल्यावर दुरुस्त करायला गेलं तर आठवडे जातात. सदस्यांची यादी एचआरकडून मागवून नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे करून घ्या. लग्न किंवा बाळ झाल्यावर नाव घालायची मुदत लहान असते, साधारण ३० दिवस. ती चुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "तारांचं बिल रूट कॅनाल म्हणून करून देतो" असं कुणी म्हटलं तर नकार द्या. एक्स-रेमध्ये खरं दिसतं, क्लेम बुडतो, आणि खोट्या क्लेमवर कंपनी शिस्तभंगाची कारवाई करू शकते. चार हजारांसाठी नोकरी जाऊ देऊ नका.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी, म्हणजे शासकीय रुग्णालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या एखाद्या दंत महाविद्यालयात काम करून घेतलं, तर खर्च कमी येतो आणि लहान मर्यादेत जास्त दाढा वाचतात. बैठका जास्त लागतात, कारण विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथली पावतीही क्लेमला जोडता येते, फक्त कामाचं नाव आणि दाताचा क्रमांक केसपेपरवर लिहून घ्या.

नाकारलं तर

नकाराचं पत्र लेखी मागा. त्यात कलमाचा क्रमांक असला पाहिजे. "दातांचं मिळत नाही" हे कारण नव्हे. कलम काढून स्वतः वाचा, मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. टीपीएला नको, तो फक्त कागद हाताळतो, निर्णय विमा कंपनीचा असतो. तिथं समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढं विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप विम्यातल्या सदस्याची तक्रारही घेतात. विमा कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पाच हजारांच्या ओपीडी क्लेमसाठी एवढं करावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण अपघातातल्या जबड्याच्या शस्त्रक्रियेचा नकार कधीही सोडून देऊ नये.

नोकरी सोडताना, आणि पुढच्या वर्षीसाठी

ग्रुप विमा बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. राजीनामा दिला की नोटिसच्या काळातच अर्धवट दाढांची कामं पुरी करा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती करता येते. ती शेवटच्या दिवसाआधी करा. दातांची ओपीडी जोड त्यात सोबत येईल असं मात्र धरू नका.

आणि तुमच्या पॉलिसीत दातांचं काहीच नसेल, तर ते घालून घेण्याची वेळ नूतनीकरणाच्या आधीची असते. कंपनी आणि विमा ब्रोकरची बोलणी संपण्याच्या साधारण दोन-तीन महिने आधी युनियनने किंवा कामगारांच्या समितीने लेखी मागणी द्यावी. "डेंटल द्या" एवढंच लिहू नये, कारण मग सवलतीचं कार्ड देऊन बोळवण होते. मागणीत नेमकं लिहा: माणशी वेगळी मर्यादा, रूट कॅनालसोबत कॅप, नेटवर्कबाहेरच्या दवाखान्याचं बिल मान्य, आणि कारखान्यात वर्षातून एकदा तोंडाची तपासणी. पूर्ण रक्कम मालकाला जड वाटत असेल तर कामगाराने हप्त्यातला थोडा वाटा उचलायची तयारीही त्यात लिहा. पगारातून कापलेला तो वाटा जुन्या कर-पद्धतीत आरोग्य विम्याचा हप्ता म्हणून वजावटीला धरता येतो. मागणीसोबत जिथं कामगारांची कुटुंबं राहतात त्या तालुक्यांचे पिनकोडही जोडा. नेटवर्कमध्ये कोणते दवाखाने घ्यायचे हे ब्रोकर त्यावरूनच ठरवतो, आणि ती यादी नूतनीकरणाच्या कागदांवर सही व्हायच्या आत त्याच्या हातात असायला हवी.